दुर्बिणीचं ऑपरेशन: चार छिद्रं, एक छिद्र की रोबो? कमी कशात दुखतं?

संथवाहिनी

मंडळी, सल्ला हवा आहे. पित्ताशयात खडे आहेत, दुखण्याचे मोठे झटके येऊन गेलेत, त्यामुळे करायचं की नाही हा प्रश्न संपलाय. कसं करायचं हा उरलाय. पहिल्या सर्जननी नेहमीची चार छिद्रांची दुर्बीण सांगितली. दुसरे म्हणाले, बेंबीतून एकाच छिद्रातून काढू, व्रण शोधूनही सापडणार नाही. तिसऱ्यांनी रोबो सुचवला. तिघेही आपापल्या पद्धतीबद्दल इतके ठाम होते की मी जास्तच गोंधळले.

त्यात बाबांचा जांघेतला हर्नियाही रांगेत आहे. तिथेही ओपन की दुर्बीण हा घोळ आहेच.

मला व्रणाचं फारसं काही वाटत नाही. दुखणं किती राहतं आणि माणूस पूर्वीसारखा कधी हिंडायला लागतो, यात या पद्धतींमुळे खरोखर फरक पडतो का? ज्यांनी करून घेतलंय त्यांनी आणि इथल्या डॉक्टर मंडळींनी लिहावं.

तिरकस

रुमाल टाकून ठेवतो. तिघांनीही आपण रोज जे करतो तेच सांगितलं असणार, एवढं मात्र आत्ताच लिहून ठेवतो.

शस्त्रवैद्य

तिरकसराव, म्हणाल तर टोमणा, म्हणाल तर अगदी बरोबर. त्यावर नंतर येतो.

संथवाहिनी ताई, आधी दुखणं कुठून येतं ते बघू. या ऑपरेशननंतरचं दुखणं तीन ठिकाणचं असतं. एक, पोटाच्या भिंतीवरच्या जखमेचं. दोन, आत जिथून पित्ताशय सोडवून काढलं तिथलं, खोल आणि बोथट. तीन, पोट फुगवायला भरलेल्या वायूचं, जे बऱ्याच जणांना खांद्यात जाणवतं. छिद्रांची संख्या बदलल्याने यातल्या फक्त पहिल्यावर परिणाम होतो. बाकीची दोन तशीच राहतात.

पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये बर्लिनला केलं. त्यानंतर शंभर वर्षं उजव्या बरगडीखाली मोठा चिरा हाच मार्ग होता. त्या चिऱ्यात पोटाचे स्नायू कापले जातात, आणि श्वास घेताना, खोकताना नेमके तेच लागतात. दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, कफ साचतो, छातीत संसर्ग होतो. १९८५ मध्ये जर्मनीत एरिख म्यूहं यांनी पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, तेव्हा फारसं कोणी मनावर घेतलं नाही. १९८७ मध्ये फ्रान्समध्ये फिलिप मूरे यांनी केलं आणि मग काही वर्षांतच सगळीकडे तेच सुरू झालं. मोठा चिरा ते चार छिद्रं ही उडी खरी मोठी होती. स्नायू कापणं वाचलं, श्वास मोकळा राहिला, माणूस त्याच संध्याकाळी उठून चालू लागला.

चार छिद्रांवरून एकावर येणं ही तेवढी मोठी उडी नाही. बऱ्याचदा ती उडीच नसते. चारपैकी दोन-तीन छिद्रं ५ मिमीची असतात आणि ती फारशी दुखत नाहीत. दुखते ती बेंबीजवळची, कारण बहुधा तिथूनच पित्ताशय बाहेर ओढतात. एकाच छिद्राच्या पद्धतीत त्याच जागी दोन-अडीच सेंटिमीटरचा चिरा घेऊन सगळी हत्यारं तिथून घालावी लागतात. म्हणजे न दुखणारी छिद्रं वाचवली आणि दुखणारं मोठं केलं.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २०० रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं होतं. एका छिद्राच्या गटाला व्रण जास्त आवडला, पण दुखणं चार छिद्रांच्या गटात कमी होतं. आणि वर्षभरानंतर छिद्राच्या जागी हर्निया झालेले एका छिद्रात ८.४ टक्के, चार छिद्रांत १.२ टक्के. व्रणाचं तुम्हाला काही वाटत नसेल तर हा सौदा कशासाठी करायचा?

मोरपंखी

माझ्या वहिनीचं एका छिद्रातून झालंय आणि ती मजेत आहे. व्रण खरंच दिसत नाही. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही, एवढंच नोंदवते.

शस्त्रवैद्य

मान्य. ८.४ टक्क्यांना हर्निया झाला म्हणजे ९१ टक्क्यांहून जास्त लोकांना झाला नाही. सडपातळ माणूस, आधीचं ऑपरेशन नाही, सूज नाही आणि सर्जनचा हात बसलेला, असं असेल तर चांगलं होतं. ताईंना झटके येऊन गेलेत, म्हणजे आत थोडंफार चिकटलेलं असू शकतं. तिथे मला हत्यारांमध्ये अंतर हवं असतं. सगळी एकाच भोकातून आली की ती एकमेकांवर आपटतात आणि पित्तनलिका कुठे संपते, रक्तवाहिनी कुठे सुरू होते हे नीट उलगडून बघता येत नाही. दुखणं काही दिवसांत जातं. पित्तनलिकेला इजा झाली तर पुढची कित्येक वर्षं बिघडतात.

भूलभुलैया

भूलतज्ज्ञ या नात्याने खांद्याबद्दल लिहितो, कारण त्याची आधी कल्पना न दिल्यामुळे लोक मध्यरात्री हृदयविकाराच्या भीतीने घाबरलेले पाहिले आहेत.

पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, साधारण १२ ते १५ मिमी पाऱ्याच्या दाबाने. त्याने श्वासपटल ताणलं जातं. शिवाय हा वायू ओलाव्यात विरघळून आम्लधर्मी होतो आणि आतलं अस्तर चुरचुरतं. श्वासपटलाची नस मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या पातळीवरून निघते. खांद्याच्या त्वचेची संवेदनाही तिथूनच येते. मेंदूला दोन्ही निरोप एकाच दारातून मिळतात आणि तो ठरवतो की खांदा दुखतोय. उठून बसलं, चाललं की हे जास्त जाणवतं, आडवं पडलं की कमी होतं. वायू शोषला जातो तसं एक ते तीन दिवसांत ओसरतं.

यावर करता येण्यासारखं बरंच आहे, आणि त्याचा छिद्रांच्या संख्येशी काडीचा संबंध नाही. दाब ८ ते १० वर ठेवून काम जमत असेल तर खांदेदुखी कमी होते. शेवटी टाके घालण्याआधी आम्ही फुप्फुसं काही सेकंद जोरात फुगवून धरतो, त्याने श्वासपटल खाली येतं आणि उरलेला वायू छिद्रांतून बाहेर ढकलला जातो. दोन मिनिटांचं काम. घाई असली की नेमकं हेच राहून जातं.

बाकीचं दुखणं आवरायला छिद्रांच्या जागी बधिर करणारं औषध टोचणं, भूल देताना डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा एक डोस, आणि नंतर पॅरासिटामोल व सूज उतरवणारी गोळी घड्याळ लावून. दुखलं की घेऊ, असं नको. अर्थात सूज उतरवणाऱ्या गोळ्या मूत्रपिंडाचा त्रास किंवा अल्सर असणाऱ्यांना चालतातच असं नाही, ते डॉक्टरांना विचारूनच. अफूवर्गातली औषधं हाताशी असावीत, पण मुख्य भिस्त त्यांच्यावर ठेवली की मळमळ आणि बद्धकोष्ठ हजर. पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला कुंथायला लागणं म्हणजे नवं दुखणं विकत घेणं.

तिरकस

आता मूळ मुद्द्यावर. दुर्बीण ओपनपेक्षा कितीतरी सरस, हे सगळेच गृहीत धरून चाललेत. १९९६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधल्या शेफिल्डची एक चाचणी आली होती. २०० रुग्ण. अर्ध्यांचं दुर्बिणीने, अर्ध्यांचं छोट्या चिऱ्यातून ओपन. गंमत पुढे आहे. सगळ्यांच्या पोटावर हुबेहूब सारख्या पट्ट्या चिकटवल्या, म्हणजे वॉर्डात शुश्रूषा करणाऱ्यांना कळायला नको की कुणाचं काय झालंय. निकाल? रुग्णालयातला मुक्काम आणि कामावर परतायला लागलेला काळ, दोन्हींत म्हणण्यासारखा फरक नाही. उलट दुर्बिणीला वेळ जास्त लागला, सरासरीने ६५ मिनिटं विरुद्ध ४०.

यातून मी असं समजतो की 'तुमचं दुर्बिणीचं झालंय, उद्या घरी' असं सांगितलेला माणूस उद्या घरी जातो, आणि 'तुमचं मोठं ऑपरेशन झालंय' असं ऐकलेला अंथरुणाला खिळतो. अर्धं बरं होणं डोक्यात असतं.

शस्त्रवैद्य

ही चाचणी मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो, पण तिचा अर्थ तुम्ही थोडा ताणताय. तो चिरा छोटा होता, लांगेनबुखच्या काळातला नव्हे, आणि तो घेणारे सर्जन त्यात मुरलेले होते. आज शिकून बाहेर पडणाऱ्या मुलांनी छोट्या चिऱ्यातून पित्ताशय काढणं फारसं पाहिलेलंही नसतं. दुर्बिणीने जमलं नाही तर ते जो चिरा घेतील तो मोठाच असेल.

अपेक्षेचा भाग मात्र शंभर टक्के खरा. डेन्मार्कचे हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात हेच पद्धतशीर मांडलं. रुग्णाला आधी समजावून सांगा, विनाकारण फार वेळ उपाशी ठेवू नका, नळ्या लवकर काढा, त्याच दिवशी उठवा, अफूवर्गातली औषधं कमीत कमी वापरा. आतड्याच्या मोठ्या ओपन ऑपरेशननंतरही त्यांचे रुग्ण इतरांच्या कितीतरी आधी घरी जायला लागले. चिरा तोच, फक्त आजूबाजूच्या सवयी बदलल्या. दुर्बिणीच्या खात्यावर जमा झालेलं बरंचसं श्रेय खरं तर या सवयींचं आहे, असं माझं मत. सगळे सहव्यवसायी मान्य करणार नाहीत.

पेन्शनर

हर्नियाबद्दल मी लिहू शकतो, कारण माझ्या दोन्ही बाजू झाल्यात आणि दोन वेगवेगळ्या पद्धतींनी. आधी उजवी, ओपन, जागा बधिर करून. मी जागा होतो, गप्पा मारत होतो, मधेच 'खोका' म्हणाले की खोकत होतो. काही वर्षांनी डावी, दुर्बिणीने, पूर्ण भूल देऊन.

पहिले काही दिवस फरक नक्की जाणवला. ओपनच्या वेळी बिछान्यातून उठताना जांघेत ओढ बसायची, कूस बदलताना जपावं लागायचं. दुर्बिणीनंतर फिरायला कितीतरी लवकर निघालो. पण भुलीनंतर डोकं जड होतं आणि लघवी सुटायला वेळ लागला, नळी घालावी लागते की काय इथपर्यंत गेलं. ओपनमध्ये यातलं काहीच झालं नव्हतं. आज विचाराल तर दोन्ही बाजू सारख्याच. फक्त उजव्या व्रणाखाली हाताच्या पंजाएवढा भाग अजून बधिर आहे. त्रास काही नाही.

शस्त्रवैद्य

काका, याहून चांगली तुलना मलाही करता आली नसती.

हर्नियात पहिल्या आठवड्याचं दुखणं हा छोटा प्रश्न आहे. मोठा प्रश्न आहे महिनोन्‌महिने टिकणाऱ्या दुखण्याचा. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय की रोजच्या कामांत अडथळा आणणारं दीर्घकाळचं दुखणं १० ते १२ टक्के लोकांना राहतं. हे बहुतेक वेळा नसेचं असतं. ओपनमध्ये समोरून जाताना तीन नसा वाटेत येतात. त्यातली एखादी टाक्यात किंवा हर्नियाची जागा झाकायला बसवलेल्या जाळीच्या व्रणात अडकली की ठणका, जळजळ. काकांचा बधिर भाग हे त्याचंच सौम्य रूप. दुर्बिणीने आपण पोटाच्या भिंतीच्या मागून जातो, त्यामुळे समोरच्या नसा सुटतात आणि दीर्घकाळचं दुखणं कमी आढळतं. मागच्या बाजूलाही नसांची जागा आहेच, तिला दुखण्याचा त्रिकोण म्हणतात. तिथे जाळीला स्क्रूसारखे टॅक ठोकले आणि एखादा नसेत गेला तर ओपनपेक्षा वाईट अवस्था होते. म्हणून बऱ्याच ठिकाणी आता जाळी नुसती पसरून ठेवतात किंवा गोंदाने चिकटवतात.

ताई, बाबांचं वय आणि हृदय-फुप्फुसांची स्थिती तुम्ही लिहिली नाहीत, आणि निवड त्यावरच ठरते. दुर्बिणीला सहसा पूर्ण भूल लागते. ओपन नुसती जागा बधिर करून होतं. तब्येत ठणठणीत असेल, किंवा दोन्ही बाजूंना हर्निया असेल, तर दुर्बीण. हृदय नाजूक असेल, किंवा प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेलं असेल, तर ओपन. पूर्वी ओपन होऊन हर्निया परत आला असेल तर मागून जायचं, दुर्बिणीने होऊन परत आला असेल तर समोरून. कोरी जागा मिळते.

संथवाहिनी

बाबा सत्तरीचे आहेत, एकाच बाजूला आहे, आणि हृदयाची अँजिओप्लास्टी झालेली आहे. म्हणजे बहुधा ओपन. त्यांना जागं राहून गप्पा मारता येतील हे कळल्यावर ते जास्तच खूश होतील. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, हेही विचारायचं होतं.

भूलभुलैया

त्या गोळ्या स्वतःहून अजिबात बंद करायच्या नाहीत. स्टेंट कधी आणि कोणता बसवलाय त्यावर अवलंबून आहे. हृदयतज्ज्ञ आणि सर्जन दोघांनी मिळून ठरवू दे. स्टेंट ताजा असेल तर हर्निया थांबू शकतो.

उंबरठा

रोबोचं राहिलं ना? मला वाटायचं बटण दाबलं की यंत्र आपोआप ऑपरेशन करतं.

शस्त्रवैद्य

नाही हो. करतो सर्जनच, बाजूच्या कन्सोलवर बसून. यंत्राचे हात त्याच्या बोटांची नक्कल करतात. फायदा सर्जनला आहे: त्रिमितीय चित्र, मनगटासारखी वळणारी हत्यारं, हाताचा कंप गाळला जातो. ओटीपोटात खोलवर, अरुंद जागेत टाके घालायचे असतील तर ते फार मोलाचं, म्हणून प्रोस्टेटच्या कर्करोगात रोबो इतका रुळला. रुग्णाच्या पोटाला मात्र छिद्रं तेवढीच पडतात, साधारण ८ मिमीची, आणि वायूही तोच. दुखणं कमी व्हावं कशामुळे?

हर्नियात रोबो आणि दुर्बीण यांची थेट तुलना करणारी चाचणी २०२० मध्ये आली. रुग्णांना दुखण्यात किंवा बरं होण्यात फायदा दिसला नाही, वेळ जास्त लागला. पित्ताशयाबाबत अमेरिकेतल्या वयस्क रुग्णांच्या नोंदींवरचा २०२३ चा अभ्यास सांगतो की पित्तनलिकेला इजा रोबोत ०.७ टक्के आणि दुर्बिणीत ०.२ टक्के. ही चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे, जुन्या नोंदींचा अभ्यास आहे. तरीही साध्या पित्ताशयासाठी रोबो मागून घ्यावा असं त्यात काही नाही. हातात कुठलं यंत्र आहे यापेक्षा समोरचा माणूस हे ऑपरेशन नेहमी कोणत्या पद्धतीने करतो हे विचारा. तिरकसरावांचा पहिला प्रतिसाद मी म्हणूनच बरोबर म्हटला. रोज करतो तेच सुचवणं ही बहुतेक वेळा चांगली गोष्ट असते.

तिरकस

हा प्रतिसाद जपून ठेवतो. डॉक्टर मला बरोबर म्हणाले.

मोरपंखी

माझं गर्भाशय काढलंय, योनीमार्गातून. पोटावर एकही छिद्र नाही. याला कोणी 'आधुनिक' म्हणत नाही, पण माझ्या डॉक्टर म्हणाल्या की आजार साधा असेल आणि जमण्यासारखं असेल तर पहिली पसंती यालाच, दुर्बीण त्यानंतर. दुखणं फार नव्हतं. थकवा मात्र कितीतरी आठवडे होता, आणि पोटावर काहीच दिसत नसल्यामुळे घरच्यांना वाटायचं की झालं आता सगळं. आतले टाके भरायचा वेळ बाहेरून काय दिसतं त्यावर ठरत नाही, हे चारचौघांना समजावता समजावता वैताग आला.

शस्त्रवैद्य

थोडं अवांतर, पण मोरपंखी ताईंच्या निमित्ताने लिहितोच. कमी दुखतं म्हणून तेच बरं, हे सगळीकडे लागू नाही. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगात ओपन आणि दुर्बीण-रोबो यांची तुलना २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. साडेचार वर्षांनी आजारमुक्त असलेले ओपन गटात ९६.५ टक्के, दुसऱ्या गटात ८६. त्यानंतर जगभर या ऑपरेशनसाठी पुन्हा ओपनकडे वळले. कर्करोग असेल तर दुखण्याचा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर.

उंबरठा

छातीच्या ऑपरेशनचं कोणी लिहिलं नाही म्हणून माझी भर. मी फिजिओथेरपिस्ट आहे. फुप्फुसाचा तुकडा काढायचा तर पूर्वी बरगड्या फाकवून आत जायचे. दोन बरगड्यांमधली नस त्यात चेंगरते, आणि तो ठणका वर्षभरही पुरू शकतो. कॅमेऱ्याने केलेल्या ऑपरेशननंतरचा रुग्ण मला दुसऱ्या दिवशी खोल श्वास घेऊन दाखवतो. डेन्मार्कच्या २०१६ च्या चाचणीतही वर्षभर मोजलेलं दुखणं कॅमेऱ्याच्या गटात कमी निघालं. छिद्राचा खरा फायदा बघायचा तर तो इथे.

पोटाच्या बाबतीत माझं सांगणं एवढंच: खोकताना पोटावर उशी दाबून धरा, उठताना आधी कुशीवर वळा आणि हाताने रेटा द्या, आणि पहिल्याच दिवसापासून चाला, थोडं थोडं पण अनेकदा. वजन उचलण्याबाबत प्रत्येक सर्जन वेगळा आकडा सांगतो. आपल्या सर्जनचं ऐका, आणि दुखलं की थांबा.

संथवाहिनी

सगळ्यांचे मनापासून आभार. चार छिद्रांच्या डॉक्टरांकडेच जायचं ठरतंय. घरी आल्यावर कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हे कोणी सांगाल का? आणि मधेच ओपन करावं लागलं तर?

शस्त्रवैद्य

दुर्बिणीनंतरचं दुखणं रोज थोडं थोडं उतरलं पाहिजे. आज कालपेक्षा जास्त दुखतंय, पोट फुगतंय, ताप आहे, डोळे पिवळे दिसतायत, उलट्या थांबत नाहीत, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता फोन करायचा. पित्त आत गळत असेल तर सुरुवात अशीच होते. एका पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक धाप, हेही तातडीचं. बेंबीजवळ निळसर डाग, थोडी टणक गाठ, हे बहुधा जिरतं.

आणि मधेच ओपन करणं म्हणजे फसलेलं ऑपरेशन नव्हे. आत नीट दिसत नसताना दुर्बीण रेटत राहणारा सर्जन मला जास्त भीतिदायक वाटतो. किती वेळा ओपन करावं लागतं, असं त्यांना सरळ विचारा. 'कधीच नाही' असं उत्तर आलं तर मीही जरा सावध होईन.

भूलभुलैया

माझ्याकडून एक राहिलं. तुमच्या भूलतज्ज्ञांना आधी भेटाल तेव्हा प्रवासात मळमळतं का आणि आधीच्या भुलीनंतर उलट्या झाल्या होत्या का, हे त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. बाई असणं, धूम्रपान न करणं, गाडी लागणं किंवा आधीच्या भुलीनंतर उलट्या झालेल्या असणं, आणि नंतर अफूवर्गातलं औषध लागणं, या चार गोष्टींवरून उलट्यांचा अंदाज बांधतात. यातल्या दोन-तीन जुळल्या तर आम्ही भुलीचा प्रकारच बदलतो आणि एकाऐवजी दोन प्रतिबंधक औषधं देतो. ताज्या टाक्यांवर उलटी करणं काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा.